सामनेवाली नंबर दोन

लोहारा
सोमवार

प्रिय माय,

चार राती झाल्या, माझा डोळ्याला डोळा लागला न्हाय. पोरीच्या रडण्यानं न्हाय, ती आता गुमान झोपती. म्या परंड्याच्या कोर्टात एका कागदावर सही करून आलेय, आन त्या कागदाचा अर्थ असा निघतोय म्हणं की तू माझी माय न्हायस. हे असं कसं झालं ते माझं मलाच उलगडंना, म्हणून पयल्यापासून लिवते. ज्ये कुणी वाचून दाखवायलंय त्यांना माझा जयभीम. मायच्या डाव्या कानाशी बसून वाचा, उजव्यानं तिला काहीच ऐकू येत न्हाय. आन सावकाश वाचा.

गेल्या महिन्यात भर दुपारी कोर्टाचा माणूस फटफटीवर आला. म्या पोरीला न्हाऊ घालत होते, तशाच ओल्या हातानं सही करून कागद घेतला. आख्खी गल्ली दारात. कागदावर वर तुझं नाव, अर्जदार केशरबाई व्यंकट. मंग मधी एकटाच शब्द, विरुद्ध. आन खाली म्या, सामनेवाली नंबर दोन. माय, मला वाचता येतंय, सातवी झालीय माझी, पण कोर्टाची मराठी आपली मराठी न्हाय. त्यातलं मला एवढंच कळलं की माझ्या मायनं माझ्यावर केस केली. सासूबाईनं पदर खोचला आन म्हणल्या, "तुझ्या बापाच्या पुण्यानुमोदनाला भावानं तुझी आधारची झेरॉक्स मागितली, तवाच म्या वळखलं. भाऊ काय ती झेरॉक्स फोटोला हार घालायला नेत न्हाय." ह्यांनी पुण्याहून फोनवर सांगितलं, तारखेला जाऊन ये, पण कळल्याबिगर कुठं सही करू नको.

म्या दादाला फोन लावला. त्यो ड्युटीवर होता, मागं यष्टीची घंटी ऐकू यायली होती. म्हणला, "तारखेला ये, सही करून दे, बाकीचं मी बघतो." आन ठेवला. दादा पयल्यापासून असाच, चार शब्द असले की त्यातले दोन खिशात ठेवतो. पण त्या दिवशी मला त्याची लई भीती वाटली. कशावर सही? बाकीचं म्हंजी काय? लई आठवण आली आण्णाची. गावाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं, आन आपल्या गल्लीचा व्हॉल सगळ्यात शेवटी फिरवायचे, कुणी बोट दाखवू नये म्हणून. तू रिकाम्या घागरी आपटून म्हणायचीस, "पाणीवाल्याची बायको आन तहानेली." त्या घरातली माणसं एकमेकावर केस कशी करतील, ह्ये माझ्या डोक्यात बसंना. पण कागद तर खराच होता, त्याच्यावर शिक्का होता.

तारखेला पहाटंच्या गाडीनं निघाले. धाराशिव, मंग बार्शी, मंग परंडा. पोरगी काखंत. परंड्याला उतरले तर आपल्या गावाची जीप समोरच भरायली होती. सात किलोमीटरवर तू, माय. जीपवाल्यानं वळखलं, म्हणला, "ये की ताई, म्होरं बस." म्या त्याला कोर्टाची वाट विचारली. त्यो बघतच राहिला.

कोर्टाच्या फाटकाबाहेर एक जण टेबल टाकून अर्ज लिवून देत बसला होता. त्यानं विचारलं, "केस कुणी केली?" म्या म्हणले, "मायनं." त्यानं चष्म्यावरनं बघितलं आन म्हणला, "आता मायलेकी बी आल्या का? बरं, हरकत टाकू. येवढी टाकली की तुला कुणी हलवत न्हाय." पोरगी भुकंनं किंचाळायली होती. त्यानं भराभरा टाईप केलं, भराभरा वाचलं, म्या मान हलवली आन सही केली. ह्यांनी सांगितलेलं त्या घाईत डोक्यातनं पार गेलं.

आत मॅडम साहेब होत्या. आवाज मऊ होता त्यांचा. त्यांनी विचारलं, "अर्जाला तुमची हरकत आहे का?" त्या जर असं म्हणल्या असत्या, की बाई तुझी माय तुला नको का, तर म्या न्हाय न्हाय म्हणले असते. पण तसं कुणी विचारतच न्हाय तिथं. म्या म्हणले, व्हय. दादा समोर उभा होता. आण्णाची मयत उचलली त्या दिवशी त्याचं तोंड जसं झालं होतं, तसंच झालं. बाहेर आल्यावर त्यानं माझ्याजवळ बाकड्यावर एक पिशवी ठेवली आन निघून गेला. पोरीकडं सुदिक बघितलं न्हाय.

पिशवीत तू पोरीसाठी शिवलेली कुंची होती. आण्णाच्या धोतराची, आन कडंला तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ. माय, केस करणारी बाई कुंची शिवून धाडती व्हय? म्या ती मांडीवर घेऊन बसले, माझं डोकं चालंना.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारी तिच्या तीन लेकांसंगं भाकरी खात बसली होती. एकाच फडक्यावर चौघं, मधी ठेचा. म्या पाणी मागायला गेले आन सहज विचारलं, तुमची कुणासंगं केस हाय? म्हातारी म्हणली, "माझीच हाय, ह्या तिघांच्या विरुद्ध," आन भाकरी मोडून धाकल्याच्या हातात दिली. मला वाटलं माझी चेष्टा करायली. तवा थोरल्यानं समजावलं, की माणूस मेल्यावर वारसाचा दाखला काढायचा तर घरातली सगळी माणसं कोर्टाला सांगावी लागत्यात. एकानं अर्ज करायचा, बाकीच्यांची नावं समोर लिवायची. भांडण असू दे, नसू दे, कागद तसाच निघतो. म्या माझा कागद दाखवला. त्यानं बोट ठेवलं, "तुझ्या वर नंबर एक बुद्धघोष हाय, त्यो कोण?"

माझाच भाऊ, आपला दादा. महिनाभर कागद उशाला होता, माय, आन नंबर एक म्या बघितलाच न्हाय. माझंच नाव बघत बसले.

मंग त्यानं माझ्या हरकतीची नक्कल वाचली. अर्जातील संपूर्ण मजकूर खोटा असून नाकबूल आहे. आन अर्जात काय होतं? तू आण्णाची बायको, आमी दोघं तुमची लेकरं, बँकेत आण्णांनी कुणाचंच नाव लावलं नव्हतं म्हणून दाखला तुझ्या नावानं मिळावा. बस, येवढंच. ते सगळं खोटं म्हणून म्या सही केली. म्हातारी म्हणली, "आगं येडे, मायला नाकबूल केलंस व्हय!" आन मला बी चतकोर भाकरी दिली. तू अंगठा दिलास त्या कागदात माझ्या विरुद्ध लिवलंय, ह्ये तुला तरी कुणी सांगितलं असंल? मला आजून बी कळत न्हाय, ज्यांचं भांडण न्हाय त्यांच्यामधी त्यो शब्द ठेवतातच कशाला.

टेबलवाल्याकडं परत गेले. त्यो म्हणला, आता पुढल्या तारखेला, सतराला, मॅडमसमोर हरकत मागं घ्यायची. न्हाय घेतली तर साक्षी निघतील, तुला पिंजऱ्यात उभं करतील, ही लेक तुझीच का म्हणून विचारतील. तिथं कुणी तुझ्या डाव्या कानाशी येऊन विचारणार न्हाय, माय. तू भलत्याच सवालाला मान हलवशील, जशी म्या हलवली. आन दादाचा वकील वऱ्हांड्यात म्हणत होता, आता आपण बी हिला उत्तर देऊ. दादानं बी लिवून दिलं की हिचं सगळं खोटं, तर मंग मी कुणाची? त्याला फोन लावते तर एकदा वाजतो आन कट होतो. चार दिवस तेच चाललंय. सतराला मी येणार, पोरीला कुंची घालून येणार. सासूबाईला आजून सांगितलं न्हाय, पण येणार. त्याच्या आत दादाला ह्ये कळायला पायजे. म्हणून ही चिठ्ठी. तुला फोन ऐकू येत न्हाय आन त्यो माझा उचलत न्हाय. त्याचा नंबर पाकिटाच्या मागं लिवलाय. ज्ये कुणी वाचायलंय, तुमी मायचे शेजारी असा न्हायतर पोस्टमन असा, तुमच्या फोनवरनं त्याला लावा. म्हणावं, वकिलाला थांबव, श्रावीनं वरचं नाव वाचलं नव्हतं. येवढंच सांगा. चिठ्ठी संपली की उद्यावर टाकू नका, आत्ताच लावा.

कागदात काय बी लिवलेलं असू दे, तुझीच
श्रावस्ती