मैत्रीचा ताप

१२ जानेवारी, करंजाडे

आज विहारात राहायला आले. वाशीच्या घराला कुलूप लावलं, दोन पिशव्या उचलल्या आणि निघाले. विहार म्हणजे साधी दुमजली इमारत. मागे केळी, समोर नव्या सोसायटीचं बांधकाम. चार भिक्खुणी राहतात, त्यांना आर्याजी म्हणायचं. स्वयंपाक माझ्याकडे. बाराच्या आत जेवण, नंतर कुणी काही खात नाही. चौथ्या खेमा आर्याजी आजारी असतात, त्यांचं ताट वर जातं. बाकी तिघींतल्या एकीने लाजत दुसऱ्यांदा वांग्याची भाजी घेतली. माझी लेक मैत्री गेल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच एवढी कणीक मळली. हात दुखतात, पण बरं वाटतंय.

१५ जानेवारी

संघमित्रा आर्याजी सगळ्यांत मोठ्या, सत्तरीच्या. मराठवाड्यात शाळेत शिकवायच्या. दुपारी मटार सोलताना त्यांनी मैत्रीबद्दल विचारलं. एकुलती एक, चोवीस वर्षांची, डेंग्यूने गेली, एवढंच सांगितलं. त्यांनी सोललेल्या मटारांची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "शालनताई, इथे कुणी हाक मारली तर आधी चेहरा बघा, मग ओ द्या." मला वाटलं, वय झालं त्यांचं.

१९ जानेवारी

सकाळच्या वंदनेला तीन आर्याजी आणि मी. आवाज मात्र पाच. पाचवा माझ्या पाठीमागून येत होता. त्रिसरणातलं 'दुतियम्पि' म्हणताना मैत्री लहानपणापासून अडखळायची. तो आवाजही तिथेच अडखळला. वळून पाहिलं तर भिंत.

२० जानेवारी

संघमित्रा आर्याजींना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. इथे प्रत्येकीने आपलं गेलेलं माणूस ऐकलंय, म्हणाल्या. त्यांचे पती सात महिने हाका मारत होते. ओ दिली नाही की आवाज बारीक होत जातो आणि ते माणूस सुटतं. ओ दिली तर ते आपल्या शेवटच्या दुखण्यातच अडकून पडतं.

मग मला वर घेऊन गेल्या. खेमा आर्याजी भिंतीला टेकून मांडी हलवत बसल्या होत्या. मांडीवर काही नव्हतं. खोलीत तान्हं बाळ रडत होतं.

"नऊ वर्षं रडतंय," संघमित्रा आर्याजी म्हणाल्या.

घरी जायचं असेल तर जा, असंही म्हणाल्या. पण घरी ती नाही. इथे निदान —

२४ जानेवारी

सकाळी दहाला स्वयंपाकघराच्या दाराशी आली. दिसत नाही, फक्त आवाज. आई, अंग मोडून आलंय. मी पोळी लाटत राहिले. परत म्हणाली. मी लाटत राहिले. तव्यावरची करपली, तीही मला दिसली नाही.

३० जानेवारी

आवाज बारीक झालाय. आर्याजी म्हणाल्या, अजून चार-पाच दिवस, धीर धरा. मी मान हलवली. आणि दिवसभर भांडं वाजू दिलं नाही, तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून.

२ फेब्रुवारी

आज म्हणाली, आई, खरंच ताप आहे.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या सकाळी तिने ऑफिसला नको म्हटलं होतं. मी म्हटलं, नवीन नोकरी आहे, नाटकं करू नकोस. डबा हातात दिला. कपाळाला हातसुद्धा लावून पाहिला नाही. संध्याकाळी तिथूनच तिला हॉस्पिटलात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी —

४ फेब्रुवारी

आता दाराला कान लावला तरच ऐकू येतंय. उद्या तेही नसेल. सुटेल ती. चांगलंच आहे. तिच्यासाठी चांगलंच —

काय गं बाळा, म्हटलं मी.

५ फेब्रुवारी

दिसत नाही, पण कपाळ हाताला लागतं. पेटलंय नुसतं. ओली पट्टी ठेवते, लगेच सुकते. पुन्हा भिजवते.

आर्याजी दारात आल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून रडल्या. रागावल्या असत्या तर —

फेब्रुवारी. तारीख आठवत नाही

झोपत नाही ती. पाणी मागते, पोटात ठरत नाही. हात धरून ठेव म्हणते, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे —

विचारते, आई, उतरेल ना गं? मी हो म्हणते. लगेच पुन्हा तेच विचारते, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. हो म्हणते. पुन्हा विचारते —

हो गं राणी. उतरेल. आई आहे ना इथे. उतरेल, आत्ता उत