फुटका सायलेन्सर

४ मार्च

स्नोमोबिलचा पट्टा आज एकटीने उतरवला. बोटं सोलली. दुखलं नाही — म्हणजे दुखलं असेल, मला कळलं नाही. बाबा जानेवारीत गेले तेव्हापासून बरंच काही असंच.

नीलास काका काल येऊन गेले. बाबांचे धाकटे भाऊ. बूट न काढता दारातच उभे राहून बोलले.

"रिस्तेन, एप्रिलमध्ये सगळे कळप किनाऱ्याकडे निघतील. तुमची जनावरं तुझ्यामागे आली, तर तू तुझी स्वतंत्र ने. नाही आली, तर माझ्या कळपात घालू. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटलं नाही. पण रेनडिअर एकदा काकांच्या कळपात मिसळली की कानावरची खूण तेवढी आमची राहणार. कुठे चरायचं, कोणतं कधी कापायचं, सगळं काका ठरवणार. काही वर्षांनी आम्ही म्हणजे मटण न्यायला येणारे नातेवाईक.

आई खिडकीशी बसून होती. जानेवारीपासून ती उंबऱ्याबाहेर गेलेली नाही.

मला बोलता येत नाही, लोकांना पटवता येत नाही. गाडीचं काम येतं. म्हणून गाडी उघडली.

७ मार्च

गाडी बाबांच्या वजनाला बसवलेली. मी त्यांच्या निम्मी! मी बसले की मागच्या स्प्रिंगा दबतच नाहीत. पट्टा धड पकडत नाही, सगळा भार पुढच्या स्कींवर, आणि हँडल वळवायला दोन्ही खांदे लावावे लागतात.

मागच्या स्प्रिंगा सैल केल्या. हँडल खाली घेतलं. स्कीखालच्या पोलादी पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, त्या बदलल्या.

आकडे मी शाळेत नाही, बाबांच्या पान्यांवर शिकले. "तेराचा आण." मी धावत जायची. "हा सतराचा, बाळा. नीट बघ." अजून नीट बघते. बोल्ट आवळते, दिवा मालवते, परत लावते, परत तोच बोल्ट बघते.

८ मार्च

बोल्ट ठीक होता.

१२ मार्च

योव्ना आला. काकांचा मुलगा, शर्यतीवाला. मी चेनचं वरचं चक्र काढून लहान बसवत होते — वेग कमी, पण मागे भरलेली घसरगाडी असली तरी ओढ जास्त. क्लचची स्प्रिंगही बदलली, म्हणजे जनावरांच्या पुढे हळू चालताना हिसके बसणार नाहीत.

तो हसून लोळायचा बाकी होता. "अगं, लोक गाडी पळवायला सुधारतात! तू तर आजीबाईंना चर्चला न्यायची गाडी करतेयस!"

"कळप पळत नाही," मी म्हटलं.

"आणि हा काय डबा बांधलायस?"

तो सायलेन्सर. किती वर्षांपासून फुटका आहे. बाबांनी तारेने बांधलेला. चालताना खडखडतो, मधेच खोकतो.

"अख्खं पठार ऐकतं याला," योव्ना म्हणाला आणि जाऊन त्याच्या जुन्या गाडीचा आणला. नेमका बसला. फुटका तो घेऊन गेला, भंगारात टाकायला. जाताना म्हणाला, "आता चोरासारखी येशील, ताई. कुणाला कळणारही नाही."

तो चांगला मुलगा आहे. मी आभार मानले की नाही, आठवत नाही.

१६ मार्च

तळ्यावर फिरवून आणली. लोण्यासारखी चालते. कडक बर्फावर इंजिन तापू नये म्हणून खरवडणाऱ्या तारा लावल्यात. त्या बर्फाचा भुसा उडवतात, तो पट्ट्याबरोबर आत जातो, इंजिन गार राहतं. एका बोटाने वळते. आनंद व्हायला हवा होता.

२१ मार्च

कळप या दरीतून पलीकडच्या दरीत न्यायचा होता. एवढंसंच अंतर. काका बघायला आलेले.

मी पुढे गेले. हळू, बाबा जात तशी. मागे वळून पाहिलं.

कुणीच नाही.

मुझेत — आमचा काळा, घंटा बांधलेला, बाकीचे त्याच्याच मागे जातात — त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत बर्फात तोंड घातलं. मी परत आले, परत गेले. मग एकेक जनावर उलट्या बाजूला सरकायला लागलं. काकांच्या गाडीकडे! ते नुसते बसून कॉफी पीत होते.

"गाडी छान केलीयस, पोरी," काका म्हणाले. खरंच म्हणाले, टोमणा नव्हता. तेच जास्त वाईट.

घरी आले. दार उघडलं तर आई दचकून भिंतीला टेकली. "कोण?"

"मी आहे, आई."

"गाडी ऐकूच आली नाही. तुझ्या बाबांची मला टेकडीपलीकडून कळायची."

मी बूट तसेच ठेवून भिंतीशी बसले. जनावरांनाही तशीच, आवाजावरून कळायची. सगळं दुरुस्त करत सुटले — त्यात हेही केलं.

२२ मार्च

योव्नाकडे गेले. त्याच्या घरामागे भंगाराचा ढीग, वर बर्फ.

"कुठला डबा? तो? ताई, तुला बरं आहे ना?"

"फावडं दे."

"काय सांगू लोकांना? आमची रिस्तेन गंज शोधतेय?"

"सांग."

मग तोही खणायला लागला. संध्याकाळी सापडला. तार तुटली होती. बाबांनी कशी पिळली होती ते आठवून बांधली. तीन पीळ आणि एक उलटा. चालू केली. खडखडली, खोकली. योव्ना टोपी काढून उभा राहिला, वेडा.

२४ मार्च

आले! मुझेत आधी, मग सगळे. मला वळून बघावंही लागलं नाही, घंटा मागेच होती.

काका म्हणाले, "ठीक. किनाऱ्यापर्यंत ने. तोवर बघू."

मला माहीत आहे, कळप माझ्यामागे नाही आला.

२९ मार्च

काल संध्याकाळी घरी पोचले तर आईने चुलीवर कॉफी ठेवलेली, दोन पेले काढलेले. एक बाबांचा. मला बघून तिने तो उचलून परत फळीवर ठेवला. उपडा.

आज तळ्यापाशीच गाडी बंद केली. तिथून चालत आले.

३१ मार्च

आई: "तळ्यावर का बंद करतेस?"

मी बूट काढत राहिले.

"तिथपर्यंत ऐकू येतंच मला. पुढचंही ऐकू दे."

१७ एप्रिल

निघालो. पहाटे बर्फ कडक असतो तेव्हा चालायचं, दुपारी मऊ झाला की तंबूत झोपायचं. काकांचा कळप मागून येतोय, मधे चांगलं अंतर ठेवून. आई घरी. दारापर्यंत आली होती. मी बेल्ट, चेन, तारा, सगळं तपासलं. परत तपासलं. काका शिट्टी वाजवत उभे होते.

२१ एप्रिल

नदी.

बर्फावर पाणी आलंय, निळं. मी गाडी घेऊन उतरले. मधे पोचल्यावर वाटलं — जाडी पुरेशी आहे ना? थांबले. सळई मारून पाहिली. बर्फ चांगला होता. परत निघाले तर मुझेत थांबलेला. पाण्यात पाय झटकत होता. वळला. सगळा कळप वळला.

दुसऱ्यांदा निम्म्यापर्यंत आणला. इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटला. थांबले, वाकून पाहिलं. काही नव्हतं. परत तेच.

काका काठावर आले. "बर्फ मी काल पाहिलाय. तुलाही दाखवला. तू थांबतेस म्हणून ती थांबतात."

"पण तपासायला नको?"

"आधी तपासायचं! कळप मागे घेऊन नाही. तुझ्या बापाला कधी थांबलेलं पाहिलंस?"

नाही पाहिलं.

"उद्या पहाटेपर्यंत. मग मी माझ्यात घेतो. नदी आपल्यासाठी थांबत नाही, रिस्तेन." त्यांचा आवाज बसला होता. मला काहीच वाटेना. मी हो म्हटलं. रात्रभर राखण माझ्याकडे ठेवा, एवढंच मागितलं.

संध्याकाळी योव्ना आला, आणि त्याच्यामागे बसून आई! मांडीवर सुक्या मटणाची पिशवी. सगळे बघत राहिले. काकूंनी जाऊन तिचे हातमोजे काढले, तिचे हात चोळले.

मी विचारलं, "कशी काय आलीस?"

"घरात फार शांत झालं होतं."

मी तिला नदीचं सांगितलं. ती मटण कापत राहिली. एक तुकडा माझ्या तोंडात घातला, लहानपणी घालायची तसा.

२२ एप्रिल

राखण संपवून तंबूत पडले. काका उठतील, घेऊन जातील, आपण झोपलेलं बरं. झोपेत खडखड ऐकली, खोकला ऐकला, आणि उठून "बाबा!" म्हणून ओरडले. मोठ्याने. सगळ्यांनी ऐकलं.

बाहेर धावले. कळप नदीपार! शेवटची जनावरं पलीकडचा काठ चढत होती. सगळ्यांच्या पुढे, गाडीवर उभी, एकदाही मागे न बघता — आई.

काका शेजारी उभे होते. नाक शिंकरलं.

दुपार झालीये. मी अजून रडतेय.