भिंतीपलीकडचं माहेर

सोमवार, २ मार्च

झालं! घेतलं घर. भिंतीपलीकडचं. आज सही केली. वहिनींचा मुलगा बसची ड्यूटी बदलून आला होता, सारखा घड्याळ बघत होता. म्हटलं, अरे, आजोबांनी तुझ्या नावावर केलेलं घर विकतोयस, भंगार नव्हे! तर म्हणे, "काका, तुम्ही घेताय म्हणून निदान झोप लागेल." हिचा दादा गेल्यापासून वहिनी एवढ्या घरात एकट्या. महिनाअखेर त्या मुलाकडे शहरात राहायला जाणार.

त्याला बजावलंय, आत्याला एक अक्षर सांगायचं नाही. तुझ्या आईलाही नाही. मला हिचा चेहरा बघायचाय.

ही बिचारी आठवडाभर तोंड पाडून वावरतेय. भावाचं घर परक्याच्या हातात जाणार म्हणून. काल जेवताना म्हणाली, "कोण घेतंय कुणास ठाऊक. माणसं बरी असली तर अधूनमधून पायरीवर टेकता तरी येईल." डोळे भरले होते. मी "बघू" म्हटलं आणि ताटात तोंड घातलं. हसू आवरत नव्हतं!

बुधवार, ४ मार्च

ती बाजारात गेल्यावर स्वयंपाकघरातली मांडणी सरकवली आणि भिंतीवर पेन्सिलीने दार आखलं. दोन्ही घरं पाठीला पाठ लावून. ही भिंत फोडली की माझ्या सुतारकामाच्या कारखान्यातली सगळी लाकडं पलीकडे. पावसात भिजायची कटकट संपली. दाराला झडप एकच. कडी अर्थात आपल्या बाजूला. तिकडे काय, फळ्या असणार. फळ्यांना कडी कशाला?

मांडणी परत जागेवर. उद्या लग्नाचा वाढदिवस. उद्याच सांगायचं, चार माणसांत.

गुरुवार, ५ मार्च

किराणावाला आला, शिंपीणबाई आल्या, माझे दोन्ही कारागीर. चहा झाला. मी माझा नेहमीचा विनोद केला — हिला माहेरी जायला चपलासुद्धा लागत नाहीत! लग्नापासून दर वर्षी करतो, दर वर्षी लोक हसतात. मग मांडणी ओढली आणि ते आखलेलं दार दाखवलं.

तिला आधी कळेचना. "हे काय?"

"दार! पलीकडे जायला. घर आपण घेतलंय!"

ती भिंतीकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "माझं माहेर विकत घेतलंत?"

मी म्हटलं, "घेतलं! आता खुशाल माहेरीच नांद!"

काय हसले सगळे! किराणावाल्याला तर ठसका लागला. शिंपीणबाई हसल्या नाहीत, तेवढं लक्षात राहिलं. हिने हातातला ट्रे ठेवला. चपला घातल्या. पुढच्या दाराने बाहेर पडली, वळणावरून रस्त्यारस्त्याने पलीकडे गेली. मला वाटलं, घर बघायला गेली असेल.

रात्रीचं जेवण बाहेरून आणलं.

शुक्रवार, ६ मार्च

आली नाही. कारागिरांना सांगितलं, वहिनींची बांधाबांध चाललीय.

रविवार, ८ मार्च

खोटं कशाला लिहू — भिंतीला कान लावला. मांडणी सरकवून, त्या पेन्सिलीच्या चौकटीत उभं राहून.

वाटलं होतं, माझ्या नावाने खडे फोडत असतील. फोडू दे, म्हटलं, निदान कळेल तरी काय बोचलंय. पण छे! दादाने लहानपणी हिला धान्याच्या कोठीत कोंडलं होतं, त्याची गोष्ट चालली होती. मग वहिनींनी नवीन असताना पहिल्यांदा विहिरीत बादली कशी पाडली, ते. ही कुणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक माझ्या मामाची, म्हणजे तिच्याच वडिलांची, आणि दोघी हसत होत्या. खो-खो हसत होत्या. हे हसणं मी ओळखतो. आम्ही शाळेत जायचो तेव्हा ही असं हसायची. माझ्या घरात शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

तासभर उभा होतो. माझं नाव एकदाही आलं नाही. शिव्या तरी द्यायच्या!

तेवढ्यात मोठा कारागीर चावी मागायला आत आला. मी तसाच, गाल भिंतीला. म्हटलं, वाळवी लागलीय का बघतोय. "विटांच्या भिंतीला?" म्हणाला. मेलो लाजेने.

मंगळवार, १० मार्च

आज गेलो. रस्त्याने. वळणावर सगळे काहीतरी काम असल्यासारखे दारात उभे. किराणावाला म्हणतो कसा, "काय हो, सासुरवाडीला?" मान खाली घालून चालत राहिलो.

वहिनींनी दार उघडलं. ही आत जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होती. म्हटलं, "चल घरी."

"कुठल्या? दोन्ही तुमचीच." वर बघितलंसुद्धा नाही.

मी समजुतीने घेतलं. खरंच घेतलं. म्हटलं, अगं, रुसायचं काही वय आहे का? घर दुसऱ्याच्या घशात गेलं असतं, ते मी वाचवलं. तर ती म्हणाली, "दुसऱ्याने घेतलं असतं तर ते गेलं असतं. मी रडले असते आणि गप्प झाले असते. आता ते डोळ्यांसमोर राहणार, आणि त्यात तुमच्या फळ्या. तुमच्यावर चिडून मी जायचं कुठे? तुमच्याच दुसऱ्या खोलीत?"

"आजवर कधी चिडून गेली होतीस?"

"जाता येतंय हे ठाऊक होतं. म्हणून राहिले."

मी ओरडलो. आयुष्यात ओरडत नाही, आज ओरडलो — "मग राहा! माझ्याच घरात राहतेयस!"

वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. माझ्याच घरात! ज्या घरात त्यांचा संसार झाला, दादा गेला, तिथे त्या उभ्या होत्या आणि मी हे बोललो. त्यांनी कप खाली ठेवला. "भाऊजी, चहा घ्या आणि निघा."

ही उठून माझ्यासमोर आली. म्हणाली, "ठोक्या, घरी जा."

ठोक्या. लहानपणी मी दिवसभर काहीतरी ठोकत असायचो म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. मामाची मुलगी ती, एकत्र खेळलो, एकमेकांची डोकी फोडली. लग्न ठरलं त्या दिवशी 'अहो' सुरू झालं ते आजपर्यंत. आज 'अहो' गळून पडलं. चहा न घेताच निघालो.

बुधवार, ११ मार्च

कुणाला तोंड दाखवू नये असं झालंय. रंधा घेऊन बसलो, चांगली फळी वाया घालवली.

शुक्रवार, १३ मार्च

आई त्याच घरातली. मामाची सख्खी बहीण. तीही पलीकडून अलीकडे आली होती, हिच्याआधी एक पिढी.

बाबांचा आवाज चढला की आई माझं मनगट धरायची आणि आम्ही त्याच रस्त्याने, त्याच वळणावरून आजोळी. आजी काही विचारायची नाही. दोन ताटं जास्त घ्यायची. मग रात्री बाबा भिंतीशी येऊन खोकायचे. आई ऐकायची आणि मला थोपटत राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकला. खोकून खोकून त्यांचा आवाज खाली यायचा, तेव्हा कुठे आई परतायची. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात कुणी ओरडायचं नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती! आईच्या मांडीवर पडून भिंतीपलीकडचा तो खोकला मी ऐकलाय. बाबांनी ते घर विकत घेतलं असतं तर आई मला घेऊन कुठे गेली असती?

मोठा अभिमान होता मला, मी बाबांसारखा नाही, बायकोवर आवाज चढवत नाही. खरंच आहे. मी विनोद करतो.

रविवार, १५ मार्च

पेन्सिलीची चौकट खोडायला गेलो. जात नाही. चुना फासला तरी खालून दिसतेय.

सोमवार, १६ मार्च

व्यवहार मोडता येतो का, विचारलं. वहिनींचा मुलगा फोनवरच हात जोडायच्या बेताला आला, त्याने तिकडे मोठी जागा ठरवून टाकलीय. त्याचं तरी काय चुकलं?

मग वकीलबाईंकडे गेलो. म्हटलं, घर बायकोच्या नावावर करायचंय. एकटीच्या. माझं त्यात काही नको. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कर वाचवायचाय का, काका?"

"नाही," म्हटलं, "लाज."

त्या हसल्या. मी हसलो नाही.

शुक्रवार, २० मार्च

कागद तयार झाले. स्वतः जायचं धाडस झालं नाही, वहिनी बाजारात दिसल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत ठेवले. "तुम्हीच द्या ना," म्हणाल्या. म्हटलं, मी दिले तर पुन्हा उपकार केल्यासारखं दिसेल. वहिनी पहिल्यांदाच नीट बघून म्हणाल्या, "एवढं कळतं तुम्हाला?"

संध्याकाळी वहिनींचा फोन — वाचले, ट्रंकेत ठेवले. काही बोलली का? नाही. रडली? नाही. मग? "मग दिवा लावला आणि जेवलो."

शनिवार, २८ मार्च

वहिनी गेल्या. मी रस्त्यात उभा होतो, सामान चढवायला. त्यांचा मुलगा गाडी सुरू करून बसलेला. ही दारात. दोघी एकमेकींना सोडेनात. सून होऊन आलेली निघाली होती आणि लेक पाठवणी करत होती. मला बघवेना, गाठोड्याची दोरी उगाच पुन्हा आवळत बसलो.

जाताना वहिनींनी किल्ली तिच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "भाऊजी, ती राहणार म्हणतेय." किती दिवस, ते विचारायची छाती झाली नाही. हिने माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग तिने दार लावून घेतलं, आपटलं नाही, नुसतं लावलं.

आता भिंतीपलीकडे एकही आवाज नाही. हसायला कुणी उरलंच नाही. जेवण झाल्यावर मांडणीपाशी गेलो आणि खोकलो. बाबांसारखा. मग पुन्हा एकदा. वेड्यासारखं वाटलं.

तिकडे भांडं वाजलं, बस्स.

रविवार, २९ मार्च

खोकलो. काही नाही.

सोमवार, ३० मार्च

आज खोकलो नाही. शिंपीणबाईंनी विचारलं, ती परत कधी येणार? म्हटलं, ती तिच्या घरी आहे. सांगायला सोपं गेलं नाही, पण सांगितलं.

मंगळवार, ३१ मार्च

सकाळी कारखान्यात आली. रस्त्याने, चपला घालून, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे उभी राहिली. कारागीर रंधा थांबवून बघायला लागले.

"ठोक्या, दार करून हवंय. भिंतीतलं. मापं तुझ्याकडे आहेतच."

मी पेन्सिल शोधत होतो, कानावरच होती.

"कडी माझ्या बाजूला."

हो म्हटलं. कामाला लागलोय.