सातवं मत

एसुआक्रोम,
रविवार, ८ फेब्रुवारी २००४

प्रिय एवुरेसी,

तुझं पत्र बुधवारी पोचलं. चर्चच्या पायरीवर बसून वाचलं आणि घरी आल्यावर पुन्हा वाचलं. इकडे वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटलाय. पुसलेल्या टेबलावर तासाभरात बोटाने नाव लिहावं एवढी धूळ बसते. माझा गुडघा बरा आहे. तू पाठवलेलं मलम लावते, शेजारची मान्साही लावते, त्यामुळे ते संपत आलंय. बँकेतून ज्युरीसाठी तुझंच नाव दिलं गेलं आणि 'घाना प्रजासत्ताकाच्या नावाने' सुरू होणारा तो कागद हातात पडल्यावर तुला हसू आलं, असं तू लिहिलंयस. मला हसू आलं नव्हतं. शाळेत पाचवीला भागाकार शिकवत होते. कोर्टाचा शिपाई दारात उभा राहिला, तेव्हा वर्गातली पोरं ओरडली, "टीचरला पकडायला आले!" हेडमास्तर म्हणाले, "जा बाई, तुमच्या जागी मी घेईन वर्ग. नाही गेलात तर मलाच आत टाकतील." आपल्याकडे असंच. कुणी आपणहून जात नाही. साहेब लोक नावं देतात आणि मास्तर, नर्स, कारकून उठून जातात.

तू पुढे जे लिहिलंस, त्यासाठी हे एवढं मोठं पत्र. जंक्शनवरच्या फोनच्या टपरीत नेहमी चार माणसं कान लावून बसलेली असतात, तिथून हे बोलता आलं नसतं. तू लिहितेस, 'आई, वेळ आली तर मीही तुझ्यासारखी एकटी उभी राहीन.' ही गोष्ट तू बारा वर्षांची असल्यापासून सांगत आलीस. शाळेत मैत्रिणींना सांगितलीस, कॉलेजात निबंधात लिहिलीस, बँकेच्या मुलाखतीतसुद्धा सांगितलीस म्हणे. मी कधी अडवलं नाही. आवडायचं मला ते. पण जी गोष्ट तू सांगतेस ती अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी मी दहा वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवली.

खटला तुला माहीत आहे, तरी नीट सांगते. कोबिना एसिल हा होड्या बांधणारा सुतार. तेव्हा तिशीतला असेल. त्याने बांधलेली एक होडी भर समुद्रात तडकली आणि होडीमालक एग्यापाचा भाचा बुडाला. एग्यापाने भर बाजारात त्याच्या तोंडावर थुंकून म्हटलं, "तू लाकूड नाही, माणसं तासतोस." त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी मासे उतरवायला आलेल्या बायकांना एग्यापा वाळूवर मरून पडलेला दिसला. डोक्यात घाव होता आणि शेजारी कोबिनाचा लाकूड तासायचा वाकस. त्याची हत्यारं रोज होड्यांच्या छपरात उघडीच पडलेली असायची, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. कुणी काही पाहिलं नव्हतं. खटला उभा होता तो एका कागदावर. पोलिसांनी लिहून घेतलेला कबुलीजबाब, इंग्रजीत. खाली कोबिनाची सही आणि तिऱ्हाईत साक्षीदार म्हणून कुणा क्वेकूची सही. हा क्वेकू कोर्टात आलाच नाही. गाव सोडून गेला, असं सांगण्यात आलं.

कोबिना पिंजऱ्यात उभा होता. मान खाली ती खालीच. चार दिवसांत त्याने आम्हा सात जणांकडे एकदाही पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "मला सही येत नाही. शाळेत गेलोच नाही. तो कागद माझा नाही." सरकारी वकील हसून म्हणाले, "हातभर लांबीची मापं बिनचूक घेणाऱ्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही?" लोकही हसले. मग तो कागद आमच्या हातात फिरला आणि मी तो शाळेतल्या बाईच्या नजरेने पाहिला. वीस वर्षं वह्या तपासत होते मी. कोणत्या पोराने कोणाचं पाहून लिहिलंय, हे मला पान उलटतानाच कळायचं. कोबिनाचा के आणि क्वेकूचा के एकाच हाताचे होते. खालचा पाय ओढून शेवटी गळासारखा वर वळवलेला, दोन्हीकडे तसाच.

आम्हाला खोलीत बसवलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. प्रमुख होते पाणीपुरवठ्याचे अमिसा. भला माणूस, घाम पुसायला दोन रुमाल बाळगायचा. पहिल्या फेरीत सहा जण दोषी म्हणाले, मी एकटी नाही. मी अक्षराचं सांगितलं. अमिसा म्हणाले, "टीचर, आपण इथे वह्या तपासायला नाही बसलो." बाकीचे हसले. मी पुन्हा सांगितलं, कागद खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. सिस्टर बेट्टी नावाची नर्स होती, ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "असेलही. पण मग मारलं कोणी?" मी म्हटलं, ते आपल्याला विचारलेलंच नाही. दुपारी आम्ही न्यायाधीशांपुढे गेलो. त्यांनी सांगितलं, फाशीच्या गुन्ह्यात सातही मतं एक हवीत, परत जा आणि पुन्हा बोला. परत गेलो. शिपायाने मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेले मासे आणून दिले, ते कुणी धड खाल्ले नाहीत.

आता तुला न सांगितलेलं. जेवणानंतर अमिसांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाले, "बाई, तुमचा मान राहील आणि आमचाही राहील असं करू. खून नको म्हणू या. भांडणात, हेतू नसताना हातून मेला, असं म्हणू. फाशी टळेल. दहा वर्षांची शिक्षा झाली तर सहा-सात वर्षांत बाहेर येईल. आम्ही सगळे तयार आहोत." आणि खरंच सगळे तयार होते, माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "त्याने केलंच नसेल तर सात वर्षं तरी का?" तेव्हा सिस्टर बेट्टी जे बोलली ते माझ्या कानातून आजही जात नाही. "टीचर, आज तुम्ही आहात. पुढच्या खेपेला ज्युरीत तुम्ही नसाल." मला वाटलं, ही थकली आहे, हिला घरी जायचंय. माझी मान ताठ होती, एवुरेसी. मला कागद खोटा असल्याचं ठाऊक होतं आणि ते मला एकटीलाच दिसलं होतं. त्यात न्याय किती होता आणि माझी ऐट किती, हे मी नंतर पुष्कळ वेळा मोजून पाहिलं. हिशेब लागत नाही.

चार वाजता अमिसांनी उघड कोर्टात सांगितलं, "सहा विरुद्ध एक, महाराज." न्यायाधीशांनी आम्हाला मोकळं केलं. खटला नव्या ज्युरीपुढे पुन्हा चालेल, तोवर आरोपी कोठडीत. मी घरी आले, तुला जवळ बसवून सगळं सांगितलं, आणि तू म्हणालीस, "म्हणजे तू त्याला वाचवलंस." मी हो म्हटलं. त्यानंतर चार वर्षं मी त्या माणसाची साधी चौकशी केली नाही. सुटला असेल, असं धरून चालले.

चौऱ्याण्णव सालच्या ईस्टरला आमच्या महिला मंडळाबरोबर तुरुंगात साबण आणि कसाव्याच्या रव्याची गरी वाटायला गेले. कच्च्या कैद्यांच्या बराकीत साठ माणसं होती आणि हवा तिघांपुरती. रांगेत एक जण पुढे आला, दात पडलेले, खांदे खाली उतरलेले. यादीत नाव विचारलं तर म्हणाला, "कोबिना एसिल." माझ्या हातातला साबण खाली पडला. तो वाकून त्यानेच उचलून दिला. त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, त्याने तेव्हा मान वरच केली नव्हती. मी विचारलं, तू अजून इथे कसा? तो म्हणाला, "माझी फाईल हरवली, मावशी. फाईल नाही म्हणून तारीख नाही. तारीख नाही म्हणून मी आहे." शेजारचा कैदी म्हणाला, "सांग ना तिला तुझं ते सातांचं." आणि तो, काही राग नाही, काही नाही, हवापाण्याचं बोलावं तसा म्हणाला, "सात जण होते. सहांनी मला एकदाच मारलं असतं. सातवा कोण होता देव जाणे, त्याला माझी फार दया आली. त्याच्या दयेवर जगतोय मी."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. साबणाची दुसरी वडी त्याच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी तिथे जात आले. तुला सांगायचे, मंडळाचं काम आहे. मंडळाने ते कधीच सोडून दिलं, मी एकटीच जात होते. त्याच्या आईच्या मयताची बातमी मीच त्याला दिली. त्याची बायको दुसऱ्या घरी गेली, तेही मीच सांगितलं. फाईल शोधा म्हणून अर्ज लिहिले, एकवीस अर्ज. पहिल्या काहींवर त्याने अंगठा लावला. मग एकदा म्हणाला, "टीचर, अंगठ्याचा कागद कुणी वाचत नाही. मला नाव लिहायला शिकवा." मला इतका आनंद झाला! काहीतरी देता येत होतं त्याला. भेटीच्या खोलीत, वॉर्डरच्या समोर, पाटीवर शिकवलं. त्याची बोटं वाकस धरायला घडलेली, पेन्सिल दोनदा मोडली. चार भेटी गेल्या. पाचव्या भेटीला त्याने पूर्ण नाव लिहिलं आणि चौदा वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच. त्यानंतरच्या सगळ्या अर्जांवर त्याची सही आहे. मी त्याला कधी विचारलं नाही, तू एग्यापाला मारलंस का. कागद खोटा होता एवढं मी शपथेवर सांगेन. त्यापलीकडचं मला आजही माहीत नाही.

आता आजचं. त्या अर्जांनी शेवटी काम केलं. नोव्हेंबरात फाईल सापडली आणि त्याला सरकारकडून एक तरुण वकील मिळाला, आन्सा नावाचा. परवा, शुक्रवारी, मी आन्साला भेटायला गेले. त्याने माझे अर्ज टेबलावर पसरले होते. म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार केलंत त्याच्यासाठी. पण सरकारी वकील हेच अर्ज पुढे करणार आहेत. त्याचा सगळा बचाव काय, तर मला सही येत नाही. आणि इथे फाईलीत त्याच्याच पंधरा सह्या." मी म्हटलं, पण त्या मी शिकवल्यावरच्या आहेत! तो म्हणाला, "हे सांगणारं कोण आहे? पाहिलेला वॉर्डर गेल्या वर्षी वारला." मग मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, मी कोण होते तेसुद्धा. त्याने लिहून घेतलं. ज्युरीच्या खोलीतलं तुम्हाला कोर्टात बोलता येणार नाही, पण शिकवल्याचं येईल, असं म्हणाला. निघताना मी विचारलं, तारीख कधीची? सतरा फेब्रुवारी, मंगळवार.

एवुरेसी, तुझ्या कागदावरही सतरा तारीखच आहे आणि कोर्टही तेच. नावं पुकारली की सात जण तुमच्यातूनच निवडतील. तू बसलीस तर तू त्याला वाचवायला बघशील, हे मी तुला ओळखते म्हणून सांगते, आणि मला भीती आहे ती त्याचीच. बाकीचे सहा बधले नाहीत तर तो पुन्हा त्या बराकीत जाईल आणि तिथून आता जिवंत येणार नाही. म्हणून शपथ घ्यायच्या आधी उभी राहा. न्यायाधीशांना सांग की माझी आई या माणसाच्या पहिल्या ज्युरीत होती आणि आता त्याच्या बाजूची साक्षीदार आहे. ते तुला बाहेर पाठवतील. हे पत्र मागितलं तर खुशाल दे, त्यातलं काही खोडू नकोस. ट्रोट्रोची मिनीबस चालवणाऱ्या आटोच्या हाती पाठवतेय, पोस्टाचा भरवसा नाही. मी सोमवारीच येईन, तुझ्या खोलीवर उतरेन. मंगळवारी साक्षीला उभी राहिले की सरकारी वकील पहिला प्रश्न विचारणार, बाई, तुमचा या माणसाशी संबंध काय. कोबिना समोर असेल आणि या वेळी तो मान वर करून माझ्याकडे बघत असेल, कारण त्याला वाटतं मी त्याची टीचर आहे. मी काय उत्तर देणार ते ठरलं आहे. ते ऐकल्यावर तो काय करेल, ते मला माहीत नाही. तुला बाहेर पाठवलं तरी कोर्टाच्या आवारातून जाऊ नकोस, मी सुटेपर्यंत थांब.

तुझीच,
आई