दाजींचं नाव कोण घेणार?

माननीय दाजी यांस,

साळ्याचा वाकून नमस्कार. ऑस्ट्रेलियात आपली तब्येत ठीक असेल, जेवणखाण वेळेवर होत असेल. इकडे आक्का, मुलं, डुकरं सगळी मजेत. आपण धाडलेल्या पैशांतून घरावर पत्रे चढले. ऊन पडलं की असे चकाकतात, की शेजारी माझ्या झावळ्यांच्या खोपटात बसून मला डोळे मिटून घ्यावे लागतात. (छान आहेत. जरा भडक, एवढंच.)

रागावू नका दाजी, पण मला सहा भाषा येतात. बेटावरच्या चार, बाजारातली बिस्लामा आणि शाळेतली फ्रेंच. (वडील म्हणाले होते, फ्रेंच शाळेत दुपारी पाव मिळतो. मिळायचाही.) या सहांच्या जोरावर मी खोबरं वाळवतो. आपल्याला येतात तीन, पण त्यांतली एक इंग्रजी, म्हणून आपण टोमॅटोच्या मळ्यावर मुकादम! तिथले टोमॅटो काय इंग्रजीशिवाय लाल होत नाहीत?

म्हणून गेल्या सोमवारी मीही सोला गावी तिकडच्या मळ्यांच्या मजूरभरतीला गेलो. गोऱ्या साहेबांनी आधी पोती उचलायला लावली. बाकीच्यांनी एकेक उचललं, मी दोन-दोन. मग इंग्रजीत सवालजवाब. त्यांचं आम्हाला समजावायला आपला हॅरिसन बसला होता. (इंग्रजी शाळेतला, त्यामुळे तो खुर्चीत आणि आम्ही उन्हात.) साहेबांनी विचारलं, तिकडे ओळखीचं कोण? म्हटलं, बहिणीचे यजमान. नाव काय? आता बहिणीच्या नवऱ्याचं नाव आपल्यात कोण तोंडानं घेतो? मी हॅरिसनकडे वळलो.

हॅरिसन कुजबुजला, "मामा, घ्या की पटकन! कोण ऐकतंय इथं?"

"तू ऐकतोयस ना! एवढी घाई आहे तर तूच सांग."

"मी कसा सांगू? माझे सासरे ना ते!"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि माझ्या कागदावर फुली मारली. ओळख खोटी! हॅरिसननं मागाहून आपली रीत त्यांना समजावली म्हणे, तोवर माझ्या जागी एकपोतेवाला घेतलाही होता. त्याला भाषा एकच येते, कोणती ते आपण ओळखलंच असेल.

असो. मला हेवा मुळीच वाटत नाही.

आपला साळा,
बाझील

ता. क. साहेब महिनाअखेरीला पुन्हा येणार आहेत. तेवढी एक इंग्रजी चिठ्ठी त्यांना धाडा, खाली नाव घालून. आपलं नाव आपण घ्यायला रीतीची आडकाठी नाही.

आणखी एक ता. क. तुकडीत जागाच उरली नसेल, तर आक्का म्हणत होती की आपण फार थकलात. (म्हणाली नाही, पण तिच्या मनात असणार.) खुशाल घरी या, आराम करा. आपल्या जागेवर मी उभा राहीन.