वहिनीची भाजकी माती

गुरुवार, डोंबिवली

आजही डिशमधल्या पेशी जिवंत. खाऊच्या पाकिटांच्या प्लास्टिकमध्ये मिसळायची ती नॅनो माती, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची माती, आतड्याच्या पेशींवर दिवसभर ठेवली, काही झालं नाही. वागळे इस्टेटच्या लॅबमधून निघताना सरांनी रिपोर्टवर सही घेतली. शेरा: सुरक्षित. पेशींचा एक थर, एक दिवस. पोट म्हणजे तेवढंच का? पण थकून डोळे चुरचुरत होते, केली सही.

घरी वहिनी ओट्याशी उभी राहून भाजकी माती चघळत होती. सातवा महिना, डोहाळेच तसले.

"तुझ्या पेशी मेल्या का गं?"

"नाही."

"मग झालं तर. मीपण खाते."

ती माती वेगळी, हे सांगण्याआधीच मी तिच्या हातातला तुकडा काढून घेतला. सही करताना हाच हात अडखळला नव्हता.