कळीतले पराग

प्रिय ताई,

हाताला अजून आम्लाचा वास येतो. साबण संपला, वास संपला नाही. आमच्या प्रयोगशाळेत पराग आम्लात उकळतात. आतलं सगळं विरघळतं, नुसतं कवच उरतं. कवचावरच्या रेघांवरून झाड ओळखायचं. गोड बदाम आणि रानबदाम दिसायला सख्खे भाऊ, पण गोड्याच्या रेघा रुंद, मोकळ्या आणि रानट्याच्या बारीक, दाटीवाटीच्या. फळ धरण्याआधी ओळखायचा आम्हाला ठाऊक असलेला हाच एक मार्ग.

बाबांच्या मागे काकांनी वाटणी काढली, तेव्हा वरची जुनी बाग स्वतःकडे ठेवून खालची नवी आपल्या दोघांना देताना ते म्हणाले होते, "कलमं गोडच आहेत, हवं तर तुझ्याच प्रयोगशाळेत तपास." तू मला रागावलीस, "ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांची परीक्षा घेतोस?" तरी मी फुलं मागवली. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कडी लावली तरी दोनदा ओढून बघणारा मी.

काकांनी फुलं स्वतः आणून दिली. पिठात घोळल्यासारखी पिवळी होती. मला तेव्हाच शंका आली. उमललेल्या फुलावर माश्या कुठलेही पराग आणतात, म्हणून आमच्याकडे मिटलेली कळीच फोडायची असा नियम आहे. काकांना तो कुठून ठाऊक असणार? त्याच फांद्यांवर काही मिटलेल्या कळ्याही होत्या; मी फुलं आणि कळ्या दोन्ही तपासलं. फुलांवरची पूड गोड्या बदामाची, वरच्या बागेतलीच असणार. कळीच्या आत मात्र रानबदाम. ताई, त्यांनी एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर चोळले होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा दाखवल्या, त्यांनीही तेच सांगितलं. रानबदामाच्या कडू बिया खाल्ल्या तर माणूस मरू शकतो, आणि तुझी पोरं त्या बागेत खेळणार.

काल काका माझ्या खोलीवर आले. मी सगळं सांगितलं. ते लाजले नाहीत. माझ्याच ताटात जेवले, बोटं चाटली, माझ्या चादरीला पुसली आणि हसले, "शास्त्रज्ञ झालास की रे! बरं, वरच्या बागेतला एक तुकडा तुझ्या नावावर करतो. खालची सगळी ताईला जाऊ दे. तिला कुठे कळतंय?" दात कोरत बोलत होते. मला त्यांची किळस आली.

पण खरी किळस त्यानंतर माझी मलाच आली. मी त्यांना हाकललं नाही. "बघतो" म्हणालो, पायऱ्यांपर्यंत पोहोचवायलाही गेलो. वरच्या बागेतली विहीर डोळ्यांसमोर येत राहिली, तिथे एक खोली बांधता येईल असंही मनात आलं. सोमवारी तू वाटणीच्या कागदांवर सही करणार आहेस. तोपर्यंत माझं काय होईल याचा मला भरवसा नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतोय आणि लगेच टपालपेटीत टाकणार आहे. सही करू नकोस. मी येऊन काही वेगळं सांगू लागलो, तर मलाही दारात उभं करू नकोस.

तुझाच,
धाकटा